रिपोर्टात न दिसलेली गाठ

आई, तू गेलीस तेव्हा अडतीस वर्षांची होतीस. मी आता सत्तेचाळीस. श्रावणात आंघोळ करताना छातीच्या डाव्या बाजूला बोटाला काहीतरी लागलं, वाटाण्याएवढं. दुखत नव्हतं. पुन्हा चाचपलं, कपडे केले आणि शाळेत गेले. हजेरी घेताना दोन मुलींची नावं वाचायची राहिली.

रोह्यात सगळे ओळखीचे, म्हणून तपासायला पेणला गेले; तिथं आता मला ओळखणारं कुणी उरलं नाही. कासूला गाडी थांबली तेव्हा उतरून परत फिरावंसं वाटलं. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, मग पनवेलला छातीचा स्कॅन. सगळे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, काही नाही. निर्धास्त राहा." मी विचारलं, "मग हाताला लागतंय ते काय?" त्यांनी स्वतः चाचपून पाहिलं. "लागतंय खरं. पण कशात दिसत नाही. कधीकधी कारण सापडत नाही. तीन महिन्यांनी या." हे कंपनीतून रजा काढून बाहेर बसले होते. ऐकून मोठ्याने हसले, मला उसाचा रस पाजला. घरी मात्र माझा हात सारखा तिथंच जायचा. "रिपोर्ट चांगले हायेत ना? मग कशाला दाबतेस? दाबून दाबून सुजंल," असं म्हणायचे. खरंच सुजलं, म्हणून मी पुन्हा घाबरले.

तुझ्या पेणच्या स्वयंपाकघरात अजून त्या वर्षीचं एप्रिलचं ऊन आहे. पापडांची ऑर्डर आहे, ओल्या फडक्याखाली लाट्या झाकलेल्या, तुझ्या हातांना हिंगाचा वास. मी उंबऱ्यात अकरावीचं पुस्तक घेऊन बसले आहे. "इकडं ये गो जरा," तू म्हणतेस, आणि माझा हात धरून पदराआड नेतेस. "लागतंय काय?" चिंचोक्यासारखं कडक काहीतरी. मी म्हणते, "व्हय." तू हात सोडतेस, पदर सारखा करतेस. "बाबांना सांगू नको. सीझन संपू दे." पंधरा दिवसांनी मी विचारलं तर डाफरलीस, "बायकांच्या अंगाचं असं बोलत बसायचं नसतं. पापड वाकडे होतील, उन्हातनं काढ जा." मी काढले. पाऊस झाला, गौरी-गणपती झाले, मी गप्प राहिले. तुझ्या पोलक्यावर डाग दिसला तेव्हा बाबांना कळलं, दसऱ्याच्या दिवशी. मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस झाले? "झाला असेल महिना," तू म्हणालीस आणि माझ्याकडे पाहिलंस. मी खाली पाहिलं.

तीन महिन्यांनी पेणला गेले, तेव्हा सोनोग्राफी पुन्हा चांगली आली. तरी मी खुर्चीतून उठले नाही. बाई म्हणाल्या, "तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते?" मग सगळं सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. बाहेर पेशंट ताटकळले होते, तरी त्यांनी ऐकलं. एवढंच म्हणाल्या, "सोळा वर्षांच्या होतात तुम्ही." येताना मला तुझा राग आला, आई. रडू नाही, राग. शेजारी मावशी होती, तुझ्या बरोबरीच्या पापडवाल्या बायका होत्या. माझाच हात का धरलास? मग वाटलं, तुला उत्तर ठाऊकच होतं. पोरीच्या तोंडून "काय नाय गो आई" एवढंच ऐकायचं होतं, आणि मी व्हय म्हणाले. मला मात्र आता सगळे "काही नाही" म्हणतात. यंत्रंसुद्धा. आणि मला वाटतं, बाईंसारखं पुढे 'पण' न जोडता कुणीतरी हात ठेवून म्हणावं, हाय, लागतंय.

गाठ वाढलेली नाही. गेलेलीही नाही. बाईंनी महिन्यातून एकदाच चाचपायला सांगितलंय. मला आठवडाभरसुद्धा धीर निघत नाही. वर्गात फळ्याकडे तोंड असलं की हात पदराखाली जातो.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही आणि तुला पोचायचा नाही, म्हणून लिहिते. गेल्या रविवारी ह्यांनी विचारलं, "गाठ हाय का गेली?" मी म्हणाले, "गेली." ते इतके खूश झाले की पिशवी घेऊन लगेच कोलंबी आणायला गेले. मी दार लावलं, आणि आधी हात तिथं गेला. तिथंच आहे, आई.