पिछाडीचा राखणदार

ब्रेकन, ता. १२ फेब्रुवारी

चि. आयव्हर यास अनेक आशीर्वाद.

वेल्सच्या संघात तुझी निवड झाली, हे मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा खरं वाटलं नाही. रानातून पळायची चार देशांची शर्यत, आणि आपण दरवर्षी चौथे. गेल्या वर्षी तर तेवढंही जमलं नाही. सहा जण शेवटच्या रेघेच्या आत आले तरच संघ धरतात, आपले आले पाच. फळ्यावर देशाचं नावसुद्धा लागलं नाही.

आणि आता तुला नेताहेत. क्लबात इतकी वर्षं तू काय केलंस? शनिवारी दोघांनी पुढे कागदाचे कपटे टाकत पळायचं, बाकीच्यांनी रानातून त्यांचा माग काढायचा आणि सगळ्यांच्या शेपटाला तू राखणदार. जो चिखलात बसेल त्याला शिव्या घालून उठवायचं, शेवटचा गडी आत गेला की मग आपण जायचं. एकतीस वर्षांचा घोडा झालास, पण स्वतःचा असा नंबर तुझा कधी लागलाच नाही. बेनॉन कापडवाल्याचा टुडरही संघात आहे ना? तो दुकानात सांगत होता म्हणे, की आयव्हरला मेंढ्या हाकायला नेताहेत. मला या गावात एकदा मान वर करून चालायचंय. तेव्हा या खेपेला मागे न बघता पळ.

हे पत्र टाकायला मी माझा आखूड पाय ओढत टेकडी उतरणार आहे, म्हणून उत्तर धड लिही. लोभ आहे तेवढा आहे. वाढवणं तुझ्या पायांवर.

तुझी
ग्वेनलियन

न्यूपोर्ट, ता. २ मार्च

ती. ग्वेनताईस सा. न. वि. वि.

आशीर्वाद पोचले. त्यांतले काटे काढून बाकीचे ठेवून घेतले.

टुडरने परवा बैठकीत सुचवलं, की आयव्हरने सगळ्यांचे कोट सांभाळावेत. सगळे हसले. मीही हसलो, आणि खोलीवर येऊन भिंतीला लाथ मारली. भिंतीला काही झालं नाही.

ताई, तू हसशील, पण मला एकदा माझा नंबर हवाय. कितवाही असू दे, माझा हवा. पुढच्या वर्षी मला कुणी विचारणार नाही. उद्या बोटीने डब्लिनला निघतो. तुझ्या गळ्याची शपथ, मान वळवणार नाही. तुझ्या हातचा मनुकांचा ब्रेड परतल्यावर खाईन, तोवर लोभाला कुलूप लावू नये.

तुझा
आयव्हर

डब्लिन, ता. ४ मार्च

ती. ग्वेनताईस सा. न. वि. वि.

आपण चौथे. आयर्लंडच्या एका गुणाने मागे. सहा जणांच्या नंबरांची बेरीज करतात, कमी बेरजेचा तो वर. ती बेरीज कोणी बिघडवली, हे वर्तमानपत्राआधी माझ्याकडून ऐक.

बोटीत समुद्र असा उसळला, की आमच्यातले तिघे पहाटेपर्यंत बादलीत तोंड घालून होते. तरी निघालो नऊच्या नऊ. दुसऱ्या फेरीत नांगरलेल्या शेतात टुडर बसलेला दिसला, तोंड पांढरंफटक. मी त्याला ओलांडून गेलो. खरंच गेलो, पुढचं कुंपणही चढलो. मग कसा वळलो, ते मला सांगता येणार नाही. त्याच्या बापाच्या कापडापासून आजीच्या कवळीपर्यंत सगळं काढलं आणि त्याला हाकत शेवटच्या रेघेशी आणला, ढकलून आत घातला.

तिथेच मीही शिरायचं. पण पाच आत, सहावा मी, मग तिघे कुठे? सवयीने मी रेघेच्या अलीकडे थांबलो आणि मागे बघत राहिलो. तिघे केव्हाच शर्यत सोडून तंबूत घोंगडी पांघरून चहा पीत होते. लोक ओरडत होते. मला वाटलं, त्या तिघांना धीर देताहेत. तेवढ्यात आयर्लंडचा एक हिरवा सदरा माझ्या बगलेतून आत गेला, आणि त्याच्यामागून मी. त्याच्या आधी मी शिरलो असतो तर आपण तिसरे होतो.

तुझी मान खाली गेली ती माझ्यामुळे. या रविवारी ब्रेकनला येणार होतो, तो येत नाही. इतक्यात येणारच नाही म्हण ना. लोभ ठेव असं कोणत्या तोंडाने लिहू?

आयव्हर

ब्रेकन, ता. ८ मार्च

चि. आयव्हर यास आशीर्वाद, आणि एक थप्पड.

तू मूर्ख आहेस यात वाद नाही. वासराला दावणीला पोचवून स्वतः गोठ्याबाहेर उभी राहणारी गाय मी तरी पाहिली नाही.

टुडर काल दुकानात रंगात आला होता. राखणदार म्हणे रेघेवर खांब होऊन राहिला आणि देश बुडवला. बायका हसल्या. मी त्याला विचारलं, की बाबा रे, तू त्या रेघेपर्यंत कुणाच्या शिव्या खात पोचलास? तू शेतातच बसून राहिला असतास तर यंदाही पाचच झाले असते, मग देश बुडायला फळ्यावर तरी होता का? आणि आजीच्या कवळीचं काय ऐकलंस, तेही सांग. बायका पुन्हा हसल्या, या वेळी योग्य माणसाला. मी मान वर करूनच घरी आले.

आता ऐक. मागे बघायची ही खोड तुला क्लबाने लावलेली नाही. चॅपेलहून परतताना आई-बाबा पुढे जायचे, सगळी पोरं पळत पुढे जायची आणि मी पाय ओढत मागे. तू एवढासा, तरी माझ्याही मागे. पुढे जा म्हटलं की वाकून बुटाची नाडी बांधत बसायचास. मी उंबऱ्याच्या आत गेले की मगच आत यायचास. ती नाडी कधीच सुटलेली नसायची, हे मला तेव्हाही कळत होतं. तुझा नंबर कुणी लिहिला नसेल, मला तो तेव्हापासून पाठ आहे.

रविवारी यायचं. ब्रेड भट्टीत घालते आहे. मी स्टेशनावर येईन. टेकडी चढताना या खेपेला तू पुढे चालायचं, मी मागून येते. मागे वळून पाहिलंस तर गाठ माझ्याशी आहे.

लोभ वाढला आहे, पण गावात बोलू नकोस.

तुझी
ताई