पाचवी बॅटरी

२ सप्टेंबर
कोरेगावहून निघताना आईने बजावलं होतं, तिथं जाऊन भाषणं ठोकू नकोस. पहिल्याच संध्याकाळी ठोकलं! मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून आज रुजू झाले. विद्यापीठाचा हा परिसर आष्ट्याच्या अलीकडे, चहूकडे ऊस. सेहेचाळीस मुली, तीन मजले, एकच जिना. नऊ जणींकडे विजेवरच्या स्कूटर, हे पाहून ऊर भरून आला. पोरींनो, म्हटलं, ज्या दिवशी तुम्ही दुसऱ्याच्या मागच्या सीटवरून उतरलात त्या दिवशी तुम्ही मोठ्या झालात. ही गाडी कुणी काढून घ्यायला आलं तर देऊ नका! टाळ्या थांबेनात.

५ सप्टेंबर
चार्जिंगचे नियम फलकावर लिहिले. बाहेरच्या शेडमध्येच लावायचं, बॅटरी खोलीत न्यायची नाही. गाडीबरोबर आलेलाच चार्जर. चालवून आल्यावर आधी निवू द्यायची. फुगलेली किंवा भिजलेली बॅटरी लावायचीच नाही.
शेवटचा नियम वाचून वायरमन दादासो हसले. आवं मॅडम, मग निम्मं शेड रिकामं हुईल की, म्हणाले. ऑगस्टच्या पुरात पाच बॅटऱ्या दोन दिवस गढूळ पाण्यात होत्या. नदीकाठच्या मोटरी ते पूर ओसरल्यावर दरसाल खोलतात, दोनशे वॅटच्या बल्बाखाली वाळवतात, चालू करतात. बॅटऱ्यांचंही तेच केलं. मोटर वाळती, तर ही का न्हाई वाळायची, असा त्यांचा सवाल. पाचही झकास चालतात म्हणे.
उद्या सांगलीला विचारून घेईन. 

६ सप्टेंबर
सांगलीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथला मेकॅनिक इंद्रजित म्हणाला, मोटरीत तांब्याची तार असते, ती वाळते. बॅटरीत शिरलेलं पाणी आत गंज धरतं. चार्जिंगला न लावताही ती पेटू शकते, आठवड्यांनीसुद्धा. विझल्यासारखी वाटते, पुन्हा पेटते. पेटण्याआधी कधी कधी नेलपॉलिशसारखा गोडसर वास येतो. इमारतीपासून लांब, उघड्यावर ठेवा, कुणाला हात लावू देऊ नका.
चार मैदानाच्या टोकाला नेल्या.  आमी चांगल्यासाठीच केलं ओ, एवढंच दादासो पुटपुटले.
पाचवी दुसऱ्या मजल्यावरच्या राजनंदिनीची, ती शेडमध्ये सापडली नाही. पोरगी जतची.

७ सप्टेंबर
राजनंदिनी रडली. गाडी नसेल तर सांगलीतली शिकाऊ नोकरी बुडणार, वडील परत घेऊन जाणार. मॅडम, तुमीच म्हनला हुता, कुनाला देऊ नका, असं तोंडावर म्हणाली. मी समजावलं, ते भाषण होतं, हा जीव आहे. मग डोळे पुसून तिने सांगितलं की बॅटरी कालच मामाबरोबर गावी धाडली.
मी विश्वास ठेवला.

११ सप्टेंबर
दुसऱ्या मजल्यावर गोडसर वास. नेलपॉलिशसारखा. मुली म्हणतात, मॅडम, नेलपॉलिशच हाय की! हसल्या. मी हसले नाही. खोल्या पाहिल्या, खाटांखाली वाकून पाहिलं. काही नाही. ट्रंका उघडायला लावायला हव्या होत्या. भिडस्तपणा केला. मी!

१३ सप्टेंबर
वास पुन्हा. आज जास्त. राजनंदिनीच्या दारापाशी—की मला तसं वाटतं? ती तापाने पडून आहे. हळूच विचारलं. मामानं नेली, म्हणाली. भिंतीकडे तोंड करून.
उद्या जतला फोन करीन.

१४ सप्टेंबर, रविवार, दुपार
फोन लागला. तिचे वडील म्हणतात, बॅटरी? हिकडं काय आलं न्हाई. मामा तर महिन्यात गेलाच न्हाई तिकडं.
वर निघा—

नंतर. मैदानात.
जिन्यात पांढरा धूर. घंटा वाजवली, दारं बडवली, ओरडले. दादासोंनी मेन बंद केलं. बंब आष्ट्याहून निघालाय. हजेरीचं रजिस्टर आतच, म्हणून नावं याच वहीत—
क्रांती. सृष्टी. उत्कर्षा. पुढे—
पंचेचाळीस.
पुन्हा मोजल्या. पंचेचाळीस.
शेजारच्या खोलीतली सृष्टी रडत सांगते—राजनंदिनी तापाची गोळी घेऊन झोपलीय—बॅटरी तिच्याच खाटेखाली, ट्रंकेत—कडी आतून—
वर काहीतरी फुटलं. एकदा. पुन्हा.
पायऱ्या अजून दिसतात. दादासोंनी टॉवेल भिजवून आणलाय, मी येतो म्हणतात. नको. मीच जाते. सृष्टी, वही धर. राजनंदि—