मातृभाषेची सोय

मंगळवार, ४ जून १९९६

दुरुस्ती. गेल्या शुक्रवारी या वहीत लिहिलं की कंपनीच्या प्रश्नाला मी ‘खरं उत्तर’ दिलं. ते चूक आहे. अप्पांनी मला घरी बसवून बाळबोध लिपी शिकवली, तेव्हाच बजावलं होतं की लिहिलेलं खोडायचं नाही, चुकलं तर खाली दुरुस्ती लिहायची. म्हणून लिहिते.

दिल्लीच्या हेड ऑफिसमधून एक बाई आल्या होत्या. सगळ्यांना गोल बसवलं आणि एकेकाला विचारलं, कंपनीतली एक आवडती गोष्ट सांगा, एक नावडती. आवडती सगळ्यांना पटापट सुचली. ए.सी. नावडती कुणालाच नाही! सेल्सचा सूर्यनारायण रोज जेवताना टायच्या नावाने खडे फोडतो. ओरत्तनाडूकडे बांधावरून मोपेड हाकत पंपसेट विकायचे आणि गळ्यात टाय. शेतकऱ्यांना वाटतं बँकेचा वसुलीवाला आला. ते मागच्या दाराने नारळीच्या बागेत पसार. तोच सूर्यनारायण बाईंना म्हणाला, नो प्रॉब्लेम, मॅडम.

मग माझी पाळी. मी पर्सोनेल असिस्टंट. मीही ‘नो प्रॉब्लेम’ म्हटलं असतं तर तो अप्रामाणिकपणा झाला असता. खरं बोलावं तर आमचे मॅनेजर निगम साहेब समोर. म्हणून कुणालाच लागणार नाही अशी तक्रार निवडली: ऑफिसात मातृभाषेत बोलायला कुणी नाही.

ही माझी तक्रार नाही. ऑफिसात मराठी बोलावं असं मला एकदाही वाटलेलं नाही. दुरुस्ती संपली.

शुक्रवार, ७ जून

निगम साहेबांनी आत बोलावलं. दिल्ली फार खूश आहे. कंपनी कर्मचाऱ्यांचा आवाज ऐकते म्हणे. माझा ऐकला. नागपूर ब्रँचला बदली, १ जुलैपासून. साहेब म्हणाले, मिस श्रीविद्या, यू आर गोइंग होम!

होम! आमचं घर इथेच, पश्चिम राजवीधी रस्त्याच्या मागे. नागपूर मी नकाशात पाहिलंय.

बातमी माझ्याआधी बाहेर पोचली होती. अकाउंट्सच्या भुवनाने विचारलं, एन्नडी, ऊरुक्कु पोरिया? म्हणजे, काय गं, गावी चाललीस? मी म्हटलं, गाव हेच आहे. ती म्हणाली, असू दे, पण येताना संत्री आण.

सक्ती नाही. विचार करून कळवा, असं साहेबांनी सांगितलंय. ठीक. नकार कळवायला विचार कशाला लागतो? सोमवारी कळवते.

शुक्रवार, ७ जून, संध्याकाळी

अप्पांना सांगितलं. अप्पा म्हणाले, मराठी मुलूख सोडून इकडे आलो त्यास तीनशे वर्षं झाली, आपल्यांतला कोणी परत गेला नाही, तूच कशी निघालीस? तुज तिकडे कोण ओळखतो? मी म्हटलं, जात नाहीच आहे. आई म्हणाली, मग नोकरी सोड. तिरुवैयारूच्या शाळेत जयलक्ष्मी टीचर गणिताला माणूस शोधताहेत, १ जुलैपासून.

आईचं बरोबर आहे. नुसता नकार दिला तर साहेबांच्या मनात राहील. राजीनामाच बरा. तसंही या कंपनीत काय आहे? फोन उचलला की दुपारी चार वाजतासुद्धा गुड मॉर्निंग म्हणायचं. वाढदिवसाला केक कापायचा आणि सगळ्यांनी मिळून फॅमिली आहोत असं म्हणायचं. फिल्टर कॉफी बंद करून मशीन बसवलं. त्यातून येतं ते गरम असतं, एवढंच. मला इथलं काहीही आवडत नाही.

(चाकांची खुर्ची चांगली आहे. नोंद पूर्ण असावी म्हणून लिहिलं.)

सोमवार, १० जून

गेले नाही. साहेबांना खोकला होता. आजारी माणसाला राजीनामा देणं माणुसकीला धरून नाही.

मंगळवार, ११ जून

मंगळवार. वार वाईट.

बुधवार, १२ जून

साहेबांच्या दारापर्यंत गेले. आय रिझाइन हे दोन शब्द सकाळपासून घोकत होते. पण इंग्रजीत ते फार उद्धट वाटतं. साहेब कानपूरचे. हिंदीत सांगावं, मऊ पडेल. हिंदीची मध्यमा परीक्षा मी फर्स्ट क्लासमध्ये पास आहे, आणि हिंदी म्हणजे आमच्या मराठीची बहीणच.

फक्त राजीनाम्याला हिंदीत काय म्हणतात ते आठवेना. मग सरळ विचार केला. मराठीत राजीनामा. तमिळमध्ये राजिनामा. ज्या अर्थी एवढ्या दूरच्या दोन भाषांत एकच शब्द, त्या अर्थी शेजारच्या हिंदीत दुसरा कशाला असेल? भुवनाला विचारणार होते, पण तिला हिंदी येत नाही, नुसता आत्मविश्वास आहे.

गुरुवार, १३ जून

झालं! दिला!

आत गेले, उभ्यानेच म्हटलं, सर, नागपुर के बारे में सोचा. मेरा राजीनामा है. आवाज कापला नाही (थोडा कापला).

मला वाटलं होतं साहेब रागावतील. उलट उठून उभे राहिले! अरे वाह, म्हणाले, हमें तो लगा था आप मना करेंगी. म्हणजे मी हे फार मनाला लावून घेईन असं त्यांना वाटलं असावं. शाबासकी दिली, जूनअखेरपर्यंत इथलं काम सांभाळा म्हणाले, आणि लगेच दिल्लीला फोन लावला.

मोठ्या कंपनीचं हे मात्र मानलं पाहिजे. सोडून जाणाऱ्याशी इतकं मोठं मन लहान दुकानात दिसत नाही. कंपनीबद्दल मी इथे थोडं कडक लिहिलं होतं. घाई झाली.

जयलक्ष्मी टीचरना फोन केला. १ जुलैला हजर होते म्हटलं.

मंगळवार, १८ जून

सगळे फार चांगलं वागताहेत. साहेबांनी येता-जाता दोनदा विचारलं, खुश हैं ना? सूर्यनारायण म्हणाला, धाडस आहे बुवा तुझं, मी असतो तर टाय काढून घरी बसलो असतो. मी म्हटलं, मी तेच करतेय. तो गोंधळून टाय सैल करत निघून गेला.

सगळ्यांनी मिळून मला मोठी सूटकेस दिली. तिरुवैयारूला बसने रोज जाऊन-येऊन करायचं, तिथे इतकी मोठी सूटकेस कशाला, पण प्रेमाने दिली.

शनिवार, २२ जून

निगम साहेबांनी स्वतः येऊन माझ्या टेबलावर तिकीट ठेवलं. मद्रास ते नागपूर.

मी म्हटलं, सर, माझा राजीनामा? साहेब म्हणाले, हाँ हाँ, आपके राज़ीनामे पर ही तो हुआ सब. मग माझा चेहरा पाहून सावकाश सांगितलं. राज़ी. राज़ी होना. राज़ीनामा, यानी मंज़ूरी. नौकरी छोड़ना तो इस्तीफ़ा होता है. मग एकदम थांबले. घाबरून विचारलं, आप इस्तीफ़ा तो नहीं दे रहीं? मी तर दिल्लीला सांगून बसलोय की आमच्या ब्रँचमध्ये एका मुलीने आपली अडचण मांडली आणि कंपनीने दोन आठवड्यांत सोडवली. कंपनीच्या मासिकात तुमचा फोटो येतोय.

मी म्हटलं, नो प्रॉब्लेम, सर.

हे मी म्हटलं. लिहून ठेवते.

घरी अप्पा म्हणाले, शब्द मी शिकवला तो बरोबरच होता. साहेबास मराठी येत नाही त्यास मी काय करू? आई भिंतीकडे तोंड करून सुपारी कातरत बसली, आणि कितीतरी वेळ कातरतच होती.

मंगळवार, २५ जून

जयलक्ष्मी टीचरना सांगितलं, थोडे दिवस थांबा. त्या म्हणाल्या, थांबायला ही काय टाऊन बस आहे? जागा आमच्या गल्लीतल्या संगीताला दिली. संगीताचे पाढे कच्चे आहेत. टिकणार नाही ती. मी परत येईपर्यंत जागा रिकामी झालेली असेल.

साहेबांना खरं सांगायला दोनदा गेले. एकदा ते मासिकवाल्यांशी बोलत होते. एकदा मोकळे होते.

शनिवार, २९ जून, गाडीत

विजयवाडा गेलं. स्टेशनवर निरोप देताना अप्पा म्हणाले, पत्र मराठीत लिही, म्हणजे हात मोडणार नाही. त्यांनी रुमाल काढला आणि चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता.

जाण्याचा निर्णय पूर्ण विचाराने घेतला आहे. इथून इस्तीफ़ा दिला असता तर निगम साहेबांची दिल्लीत नाचक्की झाली असती. नागपूरहून दिला तर त्यांच्यावर काही येत नाही. शिवाय तिथे शब्दाचा घोळ नाही. समोरच्या बाकावर वर्ध्याच्या एक बाई आहेत. खात्री करून घ्यावी म्हणून त्यांना विचारलं, तुम्हांकडे राजीनामा म्हणजे काय? त्या म्हणाल्या, नोकरी सोडणं, दुसरं काय? मग कौतुकाने म्हणाल्या, मराठी छान बोलता हो तुम्ही! कुठे शिकलात?

त्यांना सांगितलं, घरी. त्यांना वाटलं मी विनोद केला.

नागपूरचे मॅनेजर मूळचे पाटण्याचे आहेत, असं सूर्यनारायण म्हणत होता. पण इतकी वर्षं नागपुरात राहून मराठी येतच असणार.

सोमवारी रुजू व्हायचं. पहिल्याच दिवशी सांगणं बरं दिसणार नाही. दुसऱ्या दिवशी मंगळवार. तेव्हा ठरलं. बुधवार, ३ जुलै १९९६.