हिरवी पाटी

२ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी लिहायची. रिटायर माणसाला शिस्त हवी.
अंगणातल्या शिरीषाची एक मोठी फांदी वाळली आहे, बाकाच्या बरोबर वर. हिने दाखवली. मला आधीच दिसली होती, बोललो नव्हतो एवढंच. उभा जन्म कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. आता बायकोने मला धोका दाखवायचा!
हिचं म्हणणं, माणूस बोलवा. हिच्या भावाच्या ओळखीचा कुणी आहे, दोर-बेल्ट लावून चढतो. आमच्या मेहुण्याच्या ओळखीचं माणूस प्रत्येक कामाला असतंच. नको म्हटलं. रविवारी स्वतः छाटणार. विषय संपला.

९ फेब्रुवारी, रविवार
छाटणी झाली नाही. पण पाया घातला. काम सुरू करण्याआधी पाटी, हा आमचा नियम. लाल पाटी म्हणजे काम बाकी, लांब राहा. हिरवी म्हणजे काम तपासलं, निर्धास्त जा. हिने हे जेवताना इतकी वर्षं ऐकलंय की तिला झोपेतसुद्धा पाठ असेल.
दिवसभर बसून लाल पाटी रंगवली. ‘धोका! खाली थांबू नये.’ ‘थांबू’ जरा ऐसपैस झालं, त्यामुळे ‘नये’ कडेला उभं घ्यावं लागलं. खोडाला टांगली. झकास दिसते.
ही म्हणाली, फांदीला वाचता येतं का? दुर्लक्ष केलं.

११ फेब्रुवारी
हिने बाकाभोवती कपडे वाळत घालायची दोरी बांधली. माझी पाटी असताना दोरी! अपमानच आहे हा.

१६ फेब्रुवारी
वारा. वाऱ्यात शिडीवर चढू नये, हे मीच लोकांना शिकवलंय.

२३ फेब्रुवारी
वारा नाही. पण शिडी डुगडुगते. चौथ्या पायरीवरून परत आलो. भीती वगैरे नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे.
ही हल्ली स्वयंपाकघराच्या खिडकीशीच बसते. गुडघे कामातून गेल्यापासून दारापासून बाकापर्यंत एवढंच तिचं फिरणं होतं. संध्याकाळी तिथे बसून शेंगा सोलायची, फाटकावरून जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करायची. आज म्हणाली, आत कोंडल्यासारखं होतंय हो. म्हटलं, थोडी कळ काढ, काम हातात घेतलंय.

१ मार्च
लांब दांड्याची करवत आणली. आता जमिनीवरूनच काम. शिडीची भानगडच नको. मी हे आधीच सुचवायला हवं होतं, म्हणजे स्वतःला.

८ मार्च
मेहुणा आला. न विचारता झाडाखाली गेला, मान वर करून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, भाऊजी, ही बुडाशी तुटलेलीच आहे, नुसती त्या खालच्या हिरव्या फांदीवर टेकलीय. तुम्ही हात लावू नका, मी माणूस पाठवतो.
टेकलीय म्हणजे आधार आहे. आधार आहे म्हणजे घाई नाही. बोलता बोलता स्वतःच कबूल करून गेला. माणूस पाठवू नको म्हणून बजावलं. ही चहाचे कप उचलून आत गेली, दिवसभर माझ्याशी धड बोलली नाही. पुढच्या रविवारी तो जेवायला येणार आहे. त्याआधी काम फत्ते करून दाखवतो.

१४ मार्च, दुपारी
लागलो कामाला! अडचण एकच, ती हिरवी फांदी मध्ये येते, करवत वाळलेलीपर्यंत पोचू देत नाही. म्हणून आधी तीच कापली. खांदे भरून आले, पण धाडकन पडली तेव्हा काय समाधान वाटलं!
वाळलेली जागची हलली नाही. आधार काढला तरी नाही. म्हणजे चांगली मजबूत आहे. मेहुण्याला काय कळतंय! तिला दोन-चार ढुशा दिल्या, ढिम्म. पुढे हात वर होईनात.
हिने दारातून विचारलं, झालं का? झालं म्हटलं. तसं झालंच म्हणायचं. झाड किती हलकं दिसतंय.

१५ मार्च, सकाळी
हिरवी पाटी रंगवली. ‘काम पूर्ण. सुरक्षित.’ या वेळी अक्षरं एका ओळीत. दोरी सोडली. स्वतः बाकावर बसून अख्खा चहा प्यालो. काही झालं नाही.
हिला म्हटलं, ये आता खुशाल. ती म्हणाली, संध्याकाळी येते.

१७ मार्च
अपघात अहवाल.
ठिकाण: अंगण. वेळ: परवा संध्याकाळी. वारा: नव्हता. जखमी: एक. कारण: नैसर्गिक.
त्या वेळी मी आत होतो. मेहुण्याला पाटीचा फोटो पाठवत होतो. आवाज आला तेव्हा वाटलं, शेजारच्यांचं काही पडलं.
शेंगा सगळ्या अंगणभर झाल्या होत्या.

१९ मार्च, हॉस्पिटल
पाठीचा मणका. डॉक्टर म्हणाले, कमरेखाली ताकद कितपत येईल सांगता येत नाही, बहुधा नाहीच. मी त्यांना फांदी अचानक कशी तुटली ते समजावू लागलो. ते ऐकून न घेता पुढच्या पेशंटकडे गेले.

२२ मार्च
ही शुद्धीवर आहे, बोलते. मी म्हटलं, बसायच्या आधी जरा वर बघायचंस ना. रागावली नाही. म्हणाली, हिरवी पाटी होती ना.
बाहेर जिन्यात जाऊन बसलो. रडायला आलं. मेहुणा शेजारी येऊन बसला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ एप्रिल
मेहुण्याचा माणूस आला. दोर बांधून वाळक्या फांदीचा वर अडकलेला तुकडा हळूहळू खाली उतरवला. चहा होईपर्यंत आवरलंसुद्धा. अहवालातलं ‘नैसर्गिक’ खोडलं. तिथे माझं नाव लिहिलं.
दोन्ही पाट्या फोडल्या.

१० एप्रिल
हिला घरी आणली. पलंग खिडकीशी लावलाय, तिथून झाड दिसतं. मी सांगितलं, आता झाडाची काही भीती नाही, सगळं नीट छाटलंय.
माझ्या मागे उभ्या असलेल्या भावाला तिने विचारलं, खरंच का रे?
तो हो म्हणाला. तेव्हा तिने खिडकी उघडायला सांगितली.