पिवळ्या पट्टीच्या बाटल्या

प्रिय मुंगे,

पार्सल न फोडता परत पाठवायला काही अक्कल लागत नाही. पत्ता मात्र सुरेख अक्षरात घातलास. आत तुझा सेंटरातला पांढरा कोट होता. त्याच्या खिशावरचा शाईचा डाग मी दोन दिवस चोळून काढला होता. फोन केला की मावशी उचलते आणि तू आंघोळीला गेलीस म्हणते. सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ, संध्याकाळी आंघोळ. पाच महिन्यांत मासासुद्धा कंटाळून बाहेर आला असता. म्हणून लिहायला बसले. चौथी शिकलेल्या बाईला पत्र लिहायला लावलंस, तेव्हा अक्षराला नावं ठेवायची नाहीत. हेही परत पाठवलंस तर तू आता कामाला जातेस त्या कपड्यांच्या दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर मोठ्यांदा वाचीन. माझा आवाज तुला माहीत आहे.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत असते. ठीक काही नाही. तुझे बाबा जेवताना तुझ्या खुर्चीकडे पाठ करून बसतात, आणि विचारलं तर म्हणतात उजेड डोळ्यावर येतो. खिडकी दुसऱ्या बाजूला आहे.

आठवतं ना, सूतगिरणी बंद पडली आणि अर्ध्या वस्तीसकट हे घरी बसले. मग त्याच इमारतीत हे शिकवायचं सेंटर निघालं. आसपासच्या औषधांच्या आणि लसींच्या कारखान्यांना माणसं लागतात, ती बाहेरून आणण्यापेक्षा इथल्याच पोरांना वर्षभर शिकवून घ्यायची म्हणे. तेव्हा हे हसले होते. सूत काढणारे आता जंतू काढणार का, म्हणाले. पुढे काही वर्षांनी प्रवेशाच्या यादीत तुझं नाव लागलं, तर हेच त्या फळ्यासमोर तासभर उभे. येईल जाईल त्याला दाखवत होते.

मी तिथे आधीपासून काचसामान धुण्यावर होते. मीच तुला बजावलं होतं की सेंटरात मला आई म्हणायचं नाही. धुणारीची पोर वशिल्याने लागली असं कोणी म्हणायला नको. तू ते इतकं नीट पाळलंस की बोळात समोरून आलीस तरी भिंतीकडे बघायचीस. माझंच सांगणं होतं, तरी लागायचं. कोणाला सांगणार? मग तुझ्या बाटल्यांना सांगायची. प्रत्येक मुलाच्या बाटल्यांना वेगळ्या रंगाची पट्टी होती, तुझी पिवळी. ढिगातून मला ती लांबून दिसायची.

घरी येऊन तू सगळं सांगायचीस. त्या बाटलीतल्या गुलाबी पाण्यात जिवंत पेशी वाढवायच्या, अंगाएवढ्या उबेच्या पेटीत ठेवायच्या. जगल्या की तळाला चिकटून राहतात, मेल्या की सुटून तरंगतात. मी भाकरी भाजता भाजता ऐकायची आणि म्हणायची, आमच्यासारखंच की, चिकटून राहिला तो जगला. तू हसायचीस.

रोजच्या सरावात तुझ्या पेशी चिकटायच्या. परीक्षेला तरंगल्या. पुन्हा संधी दिली, पुन्हा तरंगल्या. तिसऱ्यांदाही तेच, आणि नाव कापलं. पाणी गढूळ नव्हतं, म्हणजे आत जंतूही शिरलेले नव्हते. तुम्हाला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, परीक्षेला हात घाबरतो, अशा हातात लस कशी द्यायची? तोवर ठीक होतं, त्या परक्या. पण त्या दिवशी घरी तू हळूच विचारलंस की बाटल्या धुण्यात काही राहत नसेल ना, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सहा वर्षं हात सोलवटून घेतलेली मी! मी काय बोलले ते तुलाही पाठ असेल. "अख्ख्या वर्गात तुझ्याच बाटलीत मरतात, म्हणजे दोष बाटलीचा का? लक्ष ठिकाणावर ठेव, म्हणजे कुणावर ढकलायची वेळ येणार नाही." दुसऱ्या दिवशी मावशीकडे गेलीस. मला वाटलं, खरं बोललं की झोंबतं.

आता बातमी. गेल्या महिन्यात आम्हा धुणाऱ्या बायकांनाही वर्गात बसवलं. पंधरा दिवस. कारखाने म्हणतात धुणारीही शिकलेलीच हवी. मी गेटवरच्या काकांना म्हटलं, आता पाण्याला ओलं कसं करायचं ते शिकवणार बहुतेक. पहिल्या दिवशी नोंदवही भरायला शिकवलं. चूक झाली तर गिरवायचं नाही, पांढरं फासायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं ते लिहून सही आणि तारीख. आणि ज्याची सही, दुरुस्ती त्यानेच करायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. मला ते आवडलं. घरात असा नियम असता तर बरं झालं असतं.

सातव्या दिवशी मॅडमनी दोन बाटल्या समोर ठेवल्या. एक सेंटरच्या बिनवासाच्या, फेस न होणाऱ्या साबणाने धुऊन नियमाने दहादा साध्या आणि तीनदा गाळीव पाण्याने खळबळलेली. दुसरी घरच्या वासाच्या साबणाने, दोनच पाण्यांतली. दुसरी जास्त चकाकत होती. आम्ही सगळ्या जणींनी तीच चांगली म्हणून सांगितली. दोन्हीत पेशी घातल्या. तीन दिवसांनी एकेकीला सूक्ष्मदर्शक दुर्बिणीत बघायला लावलं. पहिलीत तळाला चिकटलेल्या. दुसरीत सगळ्या तरंगत होत्या. पाणी स्वच्छ. अगदी तुझ्या परीक्षेच्या बाटल्यांसारखं.

माझा पाय तिथून हलेना. मागची म्हणाली, अगं सरक की, सिनेमा आहे का?

सांगते आता. त्या बिनफेसाच्या साबणावर माझा कधीच विश्वास नव्हता. फेस नाही तो कसला साबण. रोज मी नियमाने धुवायची, पण तुझ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी, तिन्ही वेळा, पिवळ्या पट्टीच्या बाटल्या बाजूला काढून घरच्या साबणाने पुन्हा धुतल्या. गाळीव पाणी मोजून मिळतं, ते तोवर संपलेलं असायचं. मग नळाखाली दोनदा खळबळून उपड्या घातल्या. उजेडाला धरून बघायची. सगळ्यांत सुंदर माझ्या पोरीच्या. बोळात बोलता येत नव्हतं ना.

त्याच दुपारी मी मॅडमना सांगितलं, आणि तू माझी मुलगी आहेस हेही. त्यांनी कपाटातून तुझी प्रयोगवही काढली आणि तिसऱ्या परीक्षेचं पान माझ्यापुढे धरलं. तू लिहिलं होतंस, "बाटलीत साबण राहत असावा, तपासावे." त्यावर एक रेघ. शेजारी, "माझ्याच हातून चूक." सही, तारीख. तारीख मी तुला बोलले त्याच दिवसाची; वही तू दुसऱ्या दिवशी जमा करून गेलीस. मॅडम म्हणाल्या, हे खोडलं का असेल ते मला कळत नव्हतं, आज कळलं. मला तर रेघेखालचं एकेक अक्षर लावायला लागलं, पण लागलं.

माझी नोकरी जाईल म्हणून तू माझ्यावर पांघरूण घातलंस, आणि मी तुला लक्ष ठिकाणावर ठेव म्हणाले. मुंगे, मला माफी मागता येत नाही, तुझ्या आजीनेही कधी मागितली नाही. पण धुण्याच्या वहीत त्या तीन तारखांपुढे मी "नियमाने धुतले" अशा खुणा केल्या होत्या, त्यांवर एकेक रेघ मारली आणि शेजारी माझ्या हाताने लिहिलं की या बाटल्या मी चुकीच्या धुतल्या, पोरीचा दोष नाही. सही केली. आता मी झाडण्यावर आहे, धुण्यावर परत घेतील की नाही ते वरचे ठरवतील. त्याची काळजी तू करायची नाहीस, पुरे झालं ते. पण तुझ्या वहीतली ओळ मला दुरुस्त करता येत नाही, मॅडमनाही नाही. ज्याची सही, त्यानेच. तू येऊन तुझ्या हाताने खरं लिहिलंस तर नव्या तुकडीबरोबर तुझी परीक्षा पुन्हा घेणार आहेत, यादी अठरा तारखेला दुपारी बंद होते. बाटल्या दुसरी बाई धुणार. कोट इस्त्री करून दाराला टांगलाय. सोळा तारखेच्या आत मला उत्तर पाहिजे, येतेस की नाही. आणि फोन तू स्वतः करायचास, आंघोळ राहिली तरी चालेल.

बोळात समोर आलीस तर या वेळी हाक मार.

तुझीच,
आई
(सही केली आहे. तारीख नऊ.)