अमेरिकेचा चार्जर

वसुमती सूनबाई,

कोणाला खरं वाटायचं नाही, पण राजवाड्यावरचं माकड आज खिडकीतून आत आलं. आपला नितीन अमेरिकेतच देवाघरी गेल्यावर तिथून त्याचं सामान आलं ना, त्यातला व्हिडिओ गेम माकडानं टीव्हीला जोडला आणि चार्जर थेट आपल्या प्लगात खुपसला. तिथली वीज एकशे दहाची, आपली दोनशे तीसची, हे माकडाला काय ठाऊक! धूर निघाला.

जळका चार्जर घेऊन मी रेडिओवाल्या राजगोपालकडे चाललोय. तू तो सामानाचा खोका उघडू देत नव्हतीस, माहीत आहे. पण माझ्या लेकरानं डाव कुठवर आणला होता, ते माकडाला एकदा बघायचं होतं.

तुझी सासू मागून वाचून म्हणते, "अय्यो, माकड चष्मा लावतं होय? तुमचा टीव्हीपुढंच पडलाय. काचा अजून ओल्या आहेत."