रिकाम्या कॅव्हिटीची दोन शिखरं

६ नोव्हें., नांदगाव
सुट्टीत घरी आले तर लॅब लॅपटॉपमधून मागोमाग. लॅबमधल्या नीताने रिकाम्या कॅव्हिटीचं मोजमाप पाठवलं. समोरासमोर नुसते दोन आरसे, मधे रंगद्रव्य नाही. तरी आलेखात दोन शिखरं!
आमचा सगळा पेपर यावर उभा की एका शिखराची दोन होतात ती रंगद्रव्यामुळे, प्रकाश आणि रेणू घट्ट जुळल्यामुळे. म्हणजे जुळलंबिळलं काही नाही. आरशांच्या थरांचा खेळ. त्या आरशांचं डिझाइन माझं.

७ नोव्हें.
पुन्हा गणित करून पाहिलं. तेच. सरांना कळवलं. उत्तर आलं: सुट्टीला सहकुटुंब तुमच्याकडच्या देवबागला येतोय, तिथे बोलू.
बाबा खूश. माझे गाइड म्हणून सरांसाठी घरचे काजू निवडत बसले. फुटका एक राहू देईनात.

९ नोव्हें.
बाबांसोबत देवबागला. सर होमस्टेच्या अंगणात जेवत होते. सुरमईचा काटा तोंडातून काढत म्हणाले, "रिकाम्याचा आलेख कोणी मागितलाय? नाही टाकायचा."
मी म्हटलं, निष्कर्षच खोटा ठरतो. आवाज चढवला नाही त्यांनी. पेपर आला की तुझी पीएचडी झालीच, असं गोड बोलून सोलकढी मागवली. बोटं चाटत होते. मग बाबांना म्हणाले, मुलगी हुशार आहे, फक्त फार विचार करते.
बाबा हात जोडून हसले. त्या हसण्याचीही किळस आली. बाबांच्या. हे लिहायलाही...

१० नोव्हें.
सकाळी बाबांना सगळं नीट समजावलं. ते म्हणाले, "गप रव गो. आधी डॉक्टर हो, मगे काय ता बोल."
कोणी हे खरं मानून पुढचं काम केलं तर, विचारलं.
"ते बघतले." त्यांचं ते बघून घेतील म्हणे.


१२ नोव्हें.
नीताला फोन केला, सगळ्यांना कळवतेय म्हणून. म्हणाली, माझं नाव घेऊ नकोस. राग आला, मग नाही आला.
पेपरवर नावं असलेल्या सगळ्यांना मेल केला, रिकाम्याचा आलेख जोडून. हा घालणार नसाल तर माझं नाव काढा.
दुपारी सरांचा फोन. उचलला नाही. मग बाबांचा वाजला. ओटीवरून "होय सर, होय सर". आत येऊन फोन माझ्यासमोर धरला. "सरांची माफी माग."
घेतला. आलेख बघितलात का, एवढंच विचारलं. सरांनी फोन ठेवला.
बाबा फोन घेऊन परत ओटीवर. मेलला बाकी कोणाचं उत्तर नाही. परतीचं तिकीट रविवारचं. जायचं तर त्याच लॅबमध्ये.